मागच्या दारातलं दार

मी मुळात भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी एसटी स्टँडवरून घरी परत आलेली आहे, आणि बंद असलेला गॅस पुन्हा उघडून बंद केलेला आहे. शाळेत सकाळी मुलं मोजते, खिचडी खायला बसली की पुन्हा मोजते, घंटा झाली की आणखी एकदा. त्यामुळे बाबा पडले त्या दिवशी मला धक्का बसला, तरी आश्चर्य वाटलं नाही. चार वर्षं मी रोज मनातल्या मनात त्यांना पाडत आले होते. त्या दिवशी ते खरंच पडले.

माझी शाळा पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका वाडीत. घर महाडात, गावाच्या कडेला चढावर. मधलं अंतर एरवी अंगवळणी पडलेलं. त्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला आणि पहिलेच शब्द होते, "घाबरू नको गो." असं कुणी म्हटलं की मी आधी घाबरून घेते. "बाबा पडलेत. मागच्या दारात. बोलतायत, शुद्धीवर हायत. पण तू ये."

मुख्याध्यापकांनी मोटारसायकलवरून पोलादपूरला सोडलं. तिथून एसटी. ती सुटायचं नाव घेईना, कारण ड्रायव्हर चहा पीत होता. ड्रायव्हरच्या मुलीनं ड्रायव्हरच्या चहाला नावं ठेवू नयेत, पण मी त्याला मनातल्या मनात जे जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग गाडी निघाली आणि मी खिडकीशी बसून बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, त्यांना मुंबईला हलवलं, त्यांना अंथरुणाला खिळवलं, त्यांच्या पाठीला जखमा झाल्या. महाड येईपर्यंत मी पोरकी होऊन बसले होते.

घरी आले तर बाबा पुढच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. कोपर सोललेलं, गाल सुजलेला. पायाशी कुत्रा पसरलेला.

"काय झालं?"

"काय नाय. ब्रेक उशिरा लागला."

मला हसू आलं नाही. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. कुत्र्यानं उठून माझा चेहरा चाटला, तेव्हा मी त्याला ढकलून दिलं, कारण बाबा पडले होते ते त्याच्यामुळेच.

माझे वडील महाड डेपोत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी घाटातल्या वळणांवर गेली आणि गाडीला कधी ओरखडा आला नाही, हे ते स्वतः सांगत नसत. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मात्र मान खाली घालून पूर्ण ऐकून घेत. निवृत्तीनंतर आई गेली आणि त्याच वर्षी त्यांना झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून डावा पाय जरा मागे राहतो, हातात काठी असते. मी लग्न केलेलं नाही. त्याची कारणं इथं नकोत. घरात आम्ही दोघं आणि हा कुत्रा.

कुत्रा भावाचा. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये त्यानं हौसेनं ग्रेट डेनचं पिल्लू आणलं, आणि वर्षभरात ते वासराएवढं झालं. सोसायटीत तक्रारी सुरू झाल्या. मग एका रविवारी तो गाडीच्या मागच्या सीटवर कुत्रा बसवून आला आणि "थोडे दिवस ठेवा" म्हणून सोडून गेला. ते थोडे दिवस अजून चालू आहेत.

एवढं धूड, पण वृत्तीनं गरीब. बाहेर जायचं असलं तरी भुंकायचा नाही. मागच्या दाराशी जाऊन पंजानं दार वाजवायचा, तेही दोनदा. एकदाच वाजवलं तर बाबा जागचे हलत नसत. "मास्तर, डबल बेल द्या," म्हणायचे. "एका बेलवर गाडी थांबते, सुटत नाय." एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, तो हुद्दा त्यांनी कुत्र्याला दिला होता. हे त्यांनी त्याला कधी आणि कसं शिकवलं ते मला माहीत नाही, कारण मी शाळेत असायचे. दोनदा वाजलं की बाबा काठी घेऊन उठत, पुढच्या खोलीतून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर असं करत मागच्या दाराशी जात, कडी काढत, कुत्रा परसात हिंडून येईपर्यंत चौकट धरून उभे राहत. मग दोघं परत. अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा तेच. त्या दिवशी परसात एक माकड उतरलं होतं. कुत्रा घाबरून आत पळाला आणि वाटेत बाबा होते.

हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "या वयात पडणं परवडत नाही. पडू देऊ नका." ते वाक्य मी पाठ केलं. सकाळी वंदना म्हणताना मध्येच मला तेच ऐकू यायचं, आणि पुढची ओळ विसरायला व्हायची.

पहिला उपाय म्हणजे कुत्रा परत पाठवणं. तो मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी काढला. बाबा चिडले नाहीत. कालवणात भाकरी कुस्करत एवढंच म्हणाले, "मग दिवसभर मी कुनाशी बोलू?" तो उपाय तिथंच संपला. दुसरा उपाय त्याला परसात बांधून जायचा. पण आमच्या घरामागं डोंगर चढत जातो, आणि वरच्या आळीतला एक कुत्रा वाघरानं साखळीसकट नेलेला. बिबट्याला आमच्याकडे वाघरूच म्हणतात, आणि तो फक्त अंधारातच येतो असं त्याला कुणी शिकवलेलं नाही. तिसरा उपाय मागचं दार दिवसभर उघडं टाकायचा. त्यात माकडं होती, चोर होते आणि घोणस होती. घोणस मी त्या परसात एकदाच बघितली आहे, पण ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

मग मोबाइलवर मी एक व्हिडिओ बघितला. परदेशातल्या एका घराच्या दाराला खाली झडप होती, आणि कुत्रा आपला आपण डोक्यानं ढकलून आत-बाहेर करत होता. मी तो चार वेळा बघितला. घरात कुणाला उठायला लागत नव्हतं. मला वाटलं, सुटले.

भाऊ म्हणाला, ऑनलाइन मिळतं. मागवलं. सर्वांत मोठं माप, त्यातून आमच्या कुत्र्याचं डोकं आणि एक कान गेला. ते परत पाठवलं आणि तुडीलकडच्या सुताराला बोलावलं. तुडील आमचं मूळ गाव. आमच्या घराची सगळी दारं त्याच सुतारानं केलेली. त्यानं मागच्या दारावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाय, माझ्या हातचं दार. फनसाचं लाकूड हाय. याला मीच भोक पाडू?"

"कुत्र्याला जायला हवं."

"कुत्रा व्हय! मला वाटलं, म्हस पाळलीय."

कुत्रा तोवर त्याच्या मागं येऊन उभा होता. सुतार वळला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. माप घ्यायला जवळ जाईना. शेवटी त्यानं सुंभाची दोरी बाबांकडे टाकली. बाबा उठले, कुत्र्याच्या खांद्यापासून जमिनीपर्यंत दोरी सोडली, गाठ मारली. छातीभोवती धरली, दुसरी गाठ. मग पाठीवरून, मग पोटाखालून. मी दोनदा खुर्ची नेऊन ठेवली, दोनदा ते तिच्याभोवती वळसा घालून पुढे गेले. "मास्तर, सरळ उभे राहा, मेजरमेंट चाललंय." तो तासभर ते उभेच होते. मी मात्र काळजीनं पिळवटत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायला मला सवड नव्हती. आता आठवते ती दोरी. चार गाठी पडल्या होत्या आणि त्यातली कुठली कशाची हे फक्त बाबांना कळत होतं.

भोक पडलं अडीच फूट उंच. त्याला झडप कशाची लावायची? लाकडाची लावली तर पावसाळ्यात फुगून बसेल, सुतार म्हणाला. पत्रा लावला तर कुत्र्याची पाठ कापेल. बाबांनी तोडगा काढला, ट्रकच्या मागच्या चाकामागं चिखल अडवायला लोंबतं ते जाड रबर आणायचा. हायवेवरच्या टायरवाल्याकडून मी ते जुनं रबर घेऊन आले. त्याच्यावर पांढऱ्या रंगात "पुन्हा भेटू" असं लिहिलेलं होतं. कापताना "पुन्हा" गेलं आणि "भेटू" राहिलं. खाली फट नको, फटीतून साप येतो, म्हणून मी रबराला लोखंडी पट्टी लावून घेतली. शिवाय संध्याकाळी घरी आल्यावर आतून बंद करायला एक फळी, ती सरकवायला दोन खाचा. सुतार म्हणाला, "बाय, आता मुंगी यायची तरी विचारून येल."

कुत्र्याला ते दार पसंत नव्हतं. तो झडपेसमोर उभा राहायचा, माझ्याकडे बघायचा आणि पंजानं वरचं दार वाजवायचा, दोनदा. आत बाबा काठी चाचपायला लागायचे. मी ओरडायचे, "तुम्ही उठायचं नाही!" रजा काढून मी परसात उकिडवी बसले आणि झडपेखालून सुके बोंबील दाखवले. पहिल्या दिवशी बोंबील आतल्या आत खाल्ले गेले. तिसऱ्या दिवशी मुंडकं आलं. आठव्या दिवशी झडप उचलली गेली आणि सगळा कुत्रा एकदम माझ्या अंगावर आला. मी आनंदानं ओरडले.

तरीही अधूनमधून तो जुन्या सवयीनं दार वाजवायचा, आणि माझी खात्री होती की मी नसताना बाबा उठत असणार. म्हणून मी एक गोष्ट केली. मागच्या दाराच्या कडीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून शाळेत घेऊन जायला लागले. बाबांनी त्या कुलपाकडे बघितलं. "पुढचं दार उघडंच आहे की," मी म्हणाले, जणू त्यांनी काही विचारलं होतं.

दोन-तीन आठवड्यांत कुत्र्यानं दार वाजवायचं सोडलं. उठायचं, झडप ढकलायची, जायचं, यायचं. मी शाळेत सगळ्यांना फोटो दाखवले. मुख्याध्यापकही म्हणाले, बाई, डोकं चालवलंत. फोन वाजला की माझं काळीज अजून उडायचं, पण तो गॅस सिलिंडरवाल्याचा किंवा बँकेचा निघायचा. पावसाळा गेला. गौरी-गणपती गेले, दसरा गेला. काकूंचा एकही फोन आला नाही. बाबा खुर्चीत सुरक्षित होते. सकाळी चहा मी त्यांच्या हातात द्यायचे, दुपारचा डबा शेजारच्या स्टुलावर झाकून ठेवायचे, पाण्याची बाटली, रिमोट, पेपर, सगळं हाताशी. गेली चार वर्षं मला इतकी शांत झोप लागली नव्हती.

नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे हे त्यानं स्वतः बँकेत जाऊन सांगायचं, अंगठा द्यायचा. आदल्या वर्षी आम्ही रिक्षानं गेलो होतो, बाबा कठडा धरून बँकेच्या पायऱ्या चढले होते आणि आतल्या रांगेत डेपोतले दोन जुने सोबती भेटल्यावर मला विसरून गेले होते. या वर्षी रिक्षातून उतरतानाच त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठले. पायऱ्या चार. पहिली चढले. दुसरीवर उजवा पाय ठेवला, आणि तो थरथरायला लागला. डावा नव्हे, उजवा, चांगला पाय. मी म्हणाले, "बाबा, सावकाश." ते म्हणाले, "थांब जरा." आणि ते हळूहळू, कठडा धरून, दुसऱ्या पायरीवर खाली बसले.

लोक बाजूनं चढत-उतरत होते. वॉचमननं खुर्ची आणली. आतून एक तरुण क्लार्क अंगठ्याचं यंत्र घेऊन पायरीवर आली. ती चांगली मुलगी होती, तीही पायरीवर बसली. "आजोबा, अंगठा इथं." बाबांनी अंगठा ठेवला. यंत्रानं घेतला नाही. पुसून पुन्हा ठेवला. तेवढ्या वेळात डेपोतले एक सोबती खाली उतरले, त्यांनी बाबांना बघितलं, आणि बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. तिसऱ्यांदा यंत्र वाजलं आणि ती मुलगी म्हणाली, "झालं, आजोबा. आहात तुम्ही."

तिथूनच मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. नवीन झटका असणार, मी ठरवूनच टाकलं होतं. डॉक्टरांनी पाय उचलून बघितले, मांड्या चाचपल्या, रक्तदाब घेतला आणि विचारलं, "दिवसभरात चालतात किती?"

मी सांगितलं, जवळजवळ नाहीच, आम्ही फार काळजी घेतो.

"मांडीत काही उरलेलं नाही. बसून बसून गेलंय."

"तुम्हीच म्हणालात, पडू देऊ नका."

"पडू देऊ नका म्हणालो. बसवून ठेवा नाही म्हणालो."

घरी आल्यावर मला राग आला, आणि भित्र्या माणसाला राग आला की तो जवळच्या माणसावर निघतो. मी मास्तरणीच्या आवाजात सुरू केलं. रोज सकाळी दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा. भिंतीवर तक्ता लावते. इतके दिवस का नाही चाललात? मी नसताना माजघरापर्यंत तरी जायचं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? चालायला!"

"चालून कुठं जाऊ, बाय? सगळं इथंच आणून ठिवलयस."

त्यांनी हे भांडून म्हटलं नाही. साधं विचारलं, जसं एखादा प्रवासी ही गाडी कुठली म्हणून विचारतो. मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावायचा सोडून उभी राहिले. तेवढ्यात कुत्रा माझ्या पायाशी घासून गेला, झडप उचलली, पट्टीचा खणकन आवाज झाला, बाहेर गेला. पाच मिनिटांनी पुन्हा खणकन, आत.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या आवाजाकडे नीट लक्ष दिलं. पुढचा रविवार मी घरीच काढला आणि प्रत्येक खणकन मोजत राहिले. जेवणाची वेळ व्हायच्या आत कुत्रा नऊ वेळा गेला आणि नऊ वेळा आला. मी बाबांच्या खुर्चीपासून मागच्या दारापर्यंत चालून बघितलं. बाबांच्या पावलांनी, डावा पाय ओढत, पंचवीस. जायला पंचवीस, यायला पंचवीस. मध्ये कडी काढायला हात वर. मध्ये उभं राहणं. तेही दिवसातून पंधरा-वीस वेळा, न सांगता, न ओरडता, हसत. कुठल्या डॉक्टरनं दिला असता हा व्यायाम? तो कुत्रा देत होता, आणि मी तो सुताराकडून कापून घेतला, रबर लावून बंद केला, वर कुलूप घातलं आणि शाळेत फोटो दाखवले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्यांच्या खोलीत जाऊ शकले नाही.

भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे बाबांनी दोन दिवस फेऱ्या घातल्या, माझ्या समाधानासाठी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पाय दुखतो. भावानं पायानं फिरवायचं सायकलसारखं यंत्र पाठवलं. त्यावर आता टॉवेल वाळतो. मग मला करावं लागणार होतं ते एकच, आणि ते मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. मी आठ दिवस ढकलले. आता तर त्यांचे पाय आधीपेक्षा वाईट होते. आधी पडले तेव्हा हाड वाचलं. आता पडले तर? कुत्र्याचं हे दार मी बंद केलं आणि ते पडले, तर त्यांना मी पाडलं असं होईल. आणि नाही केलं, तर पुढच्या नोव्हेंबरात त्यांना दाखल्यासाठी उचलून न्यावं लागेल. दोन्हीकडून माझाच जीव टांगणीला. रात्रभर ही दोन्ही चित्रं आळीपाळीनं बघून शेवटी मी एका मंगळवारी किरकोळ रजा टाकली, आणि बाबांना सांगितलं नाही.

सकाळी नेहमीसारखा डबा भरला. बाबांचा स्टुलावर ठेवायच्या ऐवजी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. झडपेवर फळी सरकवली. कडीचं कुलूप काढलं. "येते," म्हणाले आणि पर्स घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडले, रस्त्यापर्यंत गेले, कुंपणाच्या बाजूच्या फाटकातून परसात शिरले आणि धुण्याच्या दगडाजवळ भिंतीला चिकटून उभी राहिले. नेसलेली शाळेची साडी, खांद्याला पर्स, स्वतःच्याच घरामागं चोरासारखी. काकू गच्चीवर पापड घालत होत्या. त्यांनी बघितलं, मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी काय अर्थ काढला कोण जाणे, पण त्या खाली बसल्या.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. कुत्र्याला माझा वास आला. दहाएक मिनिटांत तो दाराशी आला, फळीशी नाक लावून हुंगलं, मग डोक्यानं ढकललं. फळी हलली नाही. पुन्हा ढकललं. मग कुंई कुंई सुरू झालं. इतकं केविलवाणं की माझेच पाय दाराकडे वळले. मी भिंतीची वीट धरून ठेवली.

आतून काही नाही. टीव्ही चालू होता. कुत्रा आत धावत गेला असावा, कारण कुंई लांब गेलं, परत आलं, पुन्हा लांब गेलं. मग टीव्हीचा आवाज बंद झाला.

"काय रे? ढकल की."

कुंई.

"अडकलं व्हय?"

मग खुर्ची करकरली. ती दोनदा करकरली, म्हणजे पहिल्यांदा उठता आलं नाही. मग काठी टेकल्याचा आवाज, आणि पाय ओढल्याचा. मी पावलं मोजायला लागले. सहा. सात. थांबले. माजघराची चौकट धरली असणार. आठ. इतकं सावकाश की दोन पावलांच्या मध्ये मी त्यांना तीनदा पाडत होते. बारा. तेरा. इथं ओट्याचा कोपरा लागतो, इथं फरशी गुळगुळीत आहे, मी पायपुसणं उचलायला विसरले होते. पायपुसणं! मी दोन पावलं पुढे गेले. हात दारावर ठेवला. एक हाक मारली की झालं, ते जागीच थांबले असते. पुढच्या दारानं आत जाऊन त्यांचा दंड धरायला मला मिनिट लागलं नसतं. मी हात मागं घेतला आणि पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला. त्या आधी किंवा नंतर मी कधीच इतकी घाबरलेली नाही, आणि कधीच इतकी जागच्या जागी उभी राहिलेली नाही.

एकोणीस. थांबले. श्वास ऐकू येत होता. कुत्रा गप्प झाला होता. वीस, एकवीस. चोवीस, पंचवीस. मग कडीवर हात. कडी घट्ट झाली होती, इतक्या महिन्यांत कुणी काढलीच नव्हती. ती खडखडली, थांबली, पुन्हा खडखडली. आणि सुटली.

दार उघडलं. कुत्रा त्यांच्या बाजूनं, भिंतीला घासत, त्यांना अजिबात न लागता बाहेर आला आणि माझ्यावर उड्या मारायला लागला. बाबा चौकट धरून उभे होते. कपाळावर घाम, सदरा एका खांद्यावरून उतरलेला. त्यांनी माझ्या साडीकडे बघितलं, पर्सकडे बघितलं, माझ्या रडक्या तोंडाकडे बघितलं. मग खाली फळीकडे. त्यांना सगळं कळलं असावं.

"येवढा येळ बाहेर उभी हायस," ते म्हणाले, "हाक नाय मारायची? दार उघडाया मानूस हाय की घरात."

मी पायरी चढून आत गेले. मी आत येईपर्यंत ते दार धरून उभे होते.